फाटक फुकट, पण कुणाला?

परवा पाळी सुटल्यावर टपरीवर चहा घेत होतो. बोलता बोलता म्हणालो, या अंकात एका रोलर कोस्टरवर लिहितोय. दोघंतिघं फस्सकन हसले. एक जण म्हणाला, "गावाकडं माणसं मारतायत, इकडं झोपड्या पाडायच्या नोटिसा लागतायत, अन् तू पाळण्यावर लिही. कवी ना तू!"

तो बोलला त्यात खोटं काही नाही. आपल्या अंकाची पानं मोजकी. कागद उधारीचा, छपाई वर्गणीची. तरीपण मी लिहिणार. कारण ज्या पाळण्याबद्दल बोलतोय, त्या पाळण्याच्या बागेत शिरण्यासाठी माणसांनी मार खाल्लाय. एकाच्या पायात गोळी शिरलीय. आणि दोस्तांनो, ही गोष्ट वाचताना मला सारखं आपलं महाड दिसत होतं.

जागा सांगतो. अमेरिकेतलं ओहायो राज्य, त्यातलं क्लीव्हलँड शहर. शहराला लागून एरी नावाचं तळं. तळं म्हटलं म्हणून आपल्या गावचं डोळ्यांपुढं आणू नका. त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, तिथं दुसरा देश आहे, कॅनडा. पाण्यावर मोठाली जहाजं चालतात. वरच्या तळ्यांवरून लोखंडाचं खनिज यायचं, क्लीव्हलँडच्या धक्क्यावर उतरायचं आणि पोलादाच्या भट्ट्यांत जायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दक्षिणेतली काळी माणसं हजारोंनी उत्तरेच्या अशा शहरांत आली. शेतावरची वेठ आणि झाडाला टांगून मारणाऱ्या झुंडी मागे टाकून आली. आपली माणसं गाव सोडून गिरणीत, गोदीत आली तशीच. भट्टीपुढं घाम गाळायला काळा चालला. तिथं कुणी विटाळ धरला नाही. ओझ्याला हात लावायला आपणही सगळ्यांना चालतो.

त्याच तळ्याच्या काठावर 1895 साली युक्लिड बीच पार्क नावाची करमणुकीची बाग उघडली. 1901 पासून ती हंफ्री नावाच्या घराण्याच्या हातात आली. हे लोक पॉपकॉर्न विकून वर आलेले. त्यांनी बागेत दारू बंद केली, कपडे नीटनेटके पाहिजेत असा नियम केला आणि जाहिरात केली: सगळ्यांना एकच दर, फाटक फुकट, बिअर नाही. म्हणजे आत शिरायला पैसे नाहीत, पाळण्यात बसाल त्याचे तेवढे द्या. कामगार कुटुंबं लोटली. कारखान्यांच्या सहली तिथं व्हायच्या. आठवडाभर भट्टीत भाजलेला माणूस रविवारी बायकापोरं घेऊन तळ्याच्या वाऱ्याला यायचा.

आणि तिथले पाळणे! 1913 साली डर्बी रेसर आली, शेजारशेजारच्या रुळांवरून दोन गाड्यांची शर्यत. 1924 साली थ्रिलर, उंच लाकडी सांगाड्यावरून कोसळणारी गाडी. 1930 साली फ्लाइंग टर्न्स. तिला रूळच नव्हते. लाकडी पन्हळीतून गाडी सुसाट जायची आणि वळणावर पन्हळीच्या भिंतीवर चढायची.

आता मी गोदीतला माणूस. साखळी, कप्पी, वजन हेच माझं शिक्षण. म्हणून या गाडीचं यंत्र मला चटकन कळलं. रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. खालून एक साखळी तिला पहिल्या चढावर ओढत नेते. माथ्यावर साखळी सुटते. पुढचं सगळं काम आपलं वजन करतं. जेवढं उंच चढवलं तेवढ्या जोरावर गाडी उतरते, पुन्हा चढते, पुन्हा उतरते. घर्षणात थोडा थोडा जोर जातो, म्हणून साधारणपणे पुढचा प्रत्येक चढ मागच्यापेक्षा बुटका ठेवावा लागतो. गाडी उडून जाऊ नये म्हणून रुळाच्या खालच्या अंगालाही चाकं लावतात. 1919 साली जॉन मिलर नावाच्या कारागिरानं त्याचं पेटंट घेतलं. या चाकांमुळेच कोस्टर एवढे उंच आणि एवढे खडे झाले.

पण या यंत्रातली एक गोष्ट पुस्तकात नसते. एका बाकड्यावर दोघं बसतात. वळण आलं की तू शेजारच्यावर आदळतोस, नाहीतर तो तुझ्यावर. उतारावर भीतीनं जो हात पहिला सापडेल तो धरतोस. हात कुणाचा हे बघायला वेळ नसतो. म्हणजे हा पाळणा शिवाशिवीचं यंत्र आहे. करमणूक करणाऱ्या मालकाला हे माहीत असतं. आणि वर्ण सांभाळणाऱ्या समाजालाही ते बरोबर माहीत असतं.

मला हे कळायला अमेरिका लागली नाही. आमच्याकडच्या जत्रेत आकाशपाळणा यायचा. मी आठनऊ वर्षांचा असेन. पाळणेवाल्यानं पैसे घेतले आणि मला एका पेटीत बसवलं. शेजारी माझ्याच वयाचा एक पोरगा. आम्ही एकमेकांकडं बघून हसलोसुद्धा. तेवढ्यात त्याचा बाप आला, पोराला बखोटीला धरून उतरवलं. मला कुणी शिवी दिली नाही. नुसतं विचारलं, "कुणाचा रे तू?" मी नाव सांगितलं. मग पाळणा फिरला तो पेटीत मी एकटाच. वरून सगळं गाव दिसलं. आमचा वाडा वेगळा, गाव वेगळं. मजा आली का म्हणून आईनं विचारलं तर मी हो म्हणालो. आजवर ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कारण मार बसला नव्हता, रक्त आलं नव्हतं. मग सांगायचं काय?

तर युक्लिड बीच. फाटक फुकट होतं, पण काळ्यांसाठी दिवस ठरलेले. त्या दिवशीसुद्धा तीन ठिकाणी त्यांना मज्जाव: नाचघर, स्केटिंगचं अंगण आणि पोहायची जागा. बागेचे स्वतःचे पोलीस होते. ते नजर ठेवून असायचे.

हीच तीन ठिकाणं का, याचा विचार करा. एकात बाई आणि पुरुष हातात हात घालून नाचतात. दुसऱ्यात हात धरून फिरतात. तिसऱ्यात अंगावरचे कपडे कमी होतात आणि सगळ्यांच्या अंगाला एकच पाणी लागतं. 1916 साली बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, जातीवर निबंध वाचला. जातीची कळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. ती कळ हातात ठेवून युक्लिड बीचच्या नाचघराचं कुलूप उघडून बघा, लगेच उघडतं. पहारा नाचावर नव्हता. नाचातून उद्या काय होईल त्यावर होता. आपल्याकडं वरातीच्या घोड्यावरून, नवरात्रातल्या गरब्यावरून, पोरापोरीच्या नुसत्या बोलण्यावरून खून पडतात, ते याच कुलपापायी.

कुणी म्हणेल, तिकडं कायदा नव्हता का? होता की! ओहायोनं 1884 सालीच कायदा केला होता. खाणावळी, गाड्या, नाटकगृहं आणि करमणुकीच्या जागा यांत रंगावरून भेद करायचा नाही. म्हणजे बाग उघडली त्याच्या अकरा वर्षं आधी. बाग त्या कायद्याच्या नाकावर टिच्चून पन्नास वर्षं चालली.

आता आपल्याकडं या. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला. सरकारी पैशाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तळ्यावर कोण गेलं? कुणी नाही. ठराव कपाटात, तळं त्यांच्या ताब्यात. कागदावरचं फाटक ढकलून बघितल्याशिवाय ते उघडं की बंद हे कळत नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ते ढकललं. ओंजळभर पाणी प्यालं आणि सगळं महाड लाठ्या घेऊन धावलं. नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्धी' केली. शेणमुतानं पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीनं बाटतं, असं शास्त्र!

क्लीव्हलँडवाल्यांनी हेच 1946 साली केलं. दुसरं महायुद्ध संपलेलं. काळे सैनिक फॅसिस्टांशी लढून घरी आलेले. गावी येऊन बघतात तर नाचघराच्या दारावर तोच पहारा. 21 जुलैला काळ्या-गोऱ्या तरुणांचा एक जथा बागेत गेला. त्यात युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनेचे लोक होते. बागेच्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. मग फाटकावर निदर्शनं सुरू झाली.

इथं एक तारीख जोडून ठेवा. याच जुलै 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं गाऱ्हाणं मांडलं होतं, त्याची प्रत हवी म्हणून. भारतातले अस्पृश्यही त्या वाटेनं जायचा विचार करत होते. 31 जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर लिहिलं. म्हणजे एरी तळ्याच्या काठावर पोरं फाटक ढकलत होती, त्याच महिन्यात आमचा बाप त्यांच्या पुढाऱ्याशी पत्रानं बोलत होता. आपण 1972 साली पँथर हे नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, ते काही फॅशन म्हणून नव्हे. नातं जुनं आहे.

पुढं 23 ऑगस्टला कोअर या संघटनेचा आणखी एक मिश्र जथा गेला. कोअर म्हणजे काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी, हात न उचलता भेद मोडून काढणारे लोक. त्यांचा एक काळा कार्यकर्ता, अल्बर्ट लस्टर, बागेच्या पोलिसाच्या तावडीत सापडला. त्याला मारहाण झाली. 21 सप्टेंबरला पुन्हा सहा जण गेले. नाचघरातून त्यांना बाहेर काढलं जात होतं. तिथं शहर पोलीस खात्यातले दोन काळे पोलीस होते, लिन कोलमन आणि हेन्री मॅकी. दोघं ड्युटीवर नव्हते. ते मध्ये पडले. बागेच्या पोलिसांशी झटापट झाली, गोळी सुटली आणि कोलमनच्या पायाला लागली. कायद्याचा बिल्ला खिशात असलेल्या माणसाची ही गत! वर्दी उतरली की चामडी उरते. आपल्यातले जे साहेब झालेत आणि वस्तीत यायला लाजतात, त्यांनी कोलमनचा पाय आठवावा.

शहर हादरलं. बागेनं त्या वर्षीचा हंगाम वेळेआधीच आटोपला. चार्ल्स कार या काळ्या नगरसेवकानं कायदा मांडला आणि 1947 साली शहरानं तो केला. करमणुकीच्या बागेनं भेद केला तर तो गुन्हा. सहा-सहा, बारा-बारा पोरांच्या जथ्यांनी हे मिळवलं.

जिंकले? थांबा. मालकानं काय केलं ते ऐका. नाचघर एका खाजगी क्लबला भाड्यानं दिलं. आता ती सार्वजनिक जागा राहिलीच नाही! सभासद कोण हे क्लब ठरवणार. कायदा बाहेर उभा, आत बँड चालू.

वाचताना मी हातातला कागद खाली ठेवला. हे तर आपलंच! महाडला काय झालं? सत्याग्रहानंतर 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला, की चवदार तळं सार्वजनिक नाहीच, ते आमच्या खाजगी मालकीचं आहे. त्या तळ्यावर मुसलमान जात होते, ख्रिस्ती जात होते, गाईम्हशी जात होत्या. आम्ही गेलो तेव्हाच ते खाजगी झालं. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला 17 मार्च 1937 ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं!

मला जे सांगायचंय ते एवढंच. 'खाजगी' हा शब्द नीट ओळखून ठेवा. उघडपणे 'तू महार, तू मांग, तू काळा, बाहेर हो' म्हणायची सोय कायद्यानं बंद केली, की हा शब्द कामाला येतो. क्लब खाजगी. सोसायटी खाजगी. तरणतलाव सभासदांसाठी. लग्नाचा हॉल फक्त 'आमच्या समाजाला'. या मुंबईत समुद्राकाठी जिमखान्यांची रांग आहे. हिंदूंचा वेगळा, पारशांचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा. जमीन सरकारची, म्हणजे तुमची आमची, पण फाटकावर सभासदत्व. आणि जिथं शब्द पुरत नाही तिथं तिकिटाचा दर पुरतो. हमालाचा दोन दिवसांचा रोज एका तिकिटात गेला, तर त्याला 'येऊ नको' म्हणून सांगायला पोलीस लागत नाही.

आता टपरीवरच्या दोस्ताला उत्तर देतो. पाळणा ही काय गरज आहे? भाकरी आधी. खरंय. पण महाडला बाबासाहेबांनी काय समजावलं? त्या तळ्याचं पाणी प्यालो नाही म्हणून आपण आजवर मेलो नव्हतो आणि प्यालो म्हणून अमर होणार नव्हतो. आपण माणसं आहोत हे सिद्ध करायला जायचं होतं. भाकरीवर जनावरसुद्धा जगतं. हसणं, पोहणं, नाचणं, भीतीनं ओरडून शेजारच्याचा हात धरणं, हे माणसाचं. म्हणूनच ते राखून ठेवतात. आपल्याला काम देतील, एखाद वेळी धान्यही देतील. मजा देणार नाहीत. कारण मजेत माणूस बरोबरीचा होतो.

आणि आपण तरी काय करतो? आपल्या मागण्यांच्या यादीत पोहायचा तलाव कधी आला? पोरींनी पाळण्यात बसायचं का, हे अजून बाप आणि भाऊ ठरवतात. युक्लिड बीचच्या जथ्यात गोरे होते, काळे होते, बाया होत्या. आपल्या मोर्चात बाया पुढं, कारण लाठी पडताना त्या चालतात. करमणुकीला मात्र त्यांनी घरी भाकऱ्या बडवायच्या. ही आपलीच फाटकं. ती ढकलायला तर कुणाचा कायदा नको!

बागेचं पुढं काय झालं तेही सांगतो. 28 सप्टेंबर 1969 ला युक्लिड बीच कायमची बंद झाली. थ्रिलर गेली, फ्लाइंग टर्न्स गेली. जागेवर राहायच्या इमारती उठल्या. याच तळ्यावर सँडस्की गावची सीडर पॉइंट नावाची बाग 1870 पासून आहे आणि अजून जोरात चालते. तिथं 2000 साली 310 फूट उंच कोस्टर उभा राहिला. युक्लिड बीचची तेवढी कमान राहिली. 1973 साली शहरानं तिला ऐतिहासिक वास्तूचा मान दिला. 1910 सालचा घोड्यांचा पाळणा 1969 साली दूर मेन राज्यात विकला गेला होता. तो परत आणला, रंगवला आणि 2014 पासून क्लीव्हलँडच्या इतिहास संग्रहालयात तो पुन्हा फिरतोय. चांगलं झालं. पोरांनी बसावं. पण लाकडी घोड्यांना जेवढ्या प्रेमानं घरी आणलं, तेवढ्या प्रेमानं कोलमनचा पाय आणि लस्टरच्या अंगावरचे वळ लोकांच्या आठवणीत आणायला पाहिजेत. जुनी बाग आठवून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांना एकच विचारायचं: त्या नाचघरात तुमच्या शेजारी कोण नव्हतं?

आपल्या शाखांना माझी सूचना आहे. साधी आहे, तिला निधी लागत नाही. आपापल्या भागातल्या सरकारी जागा मोजा. तरणतलाव, मैदान, बाग, जिमखाना. जमीन कुणाची, भाडं किती, आत कोण जातं, बाहेर कोण राहतं, लिहून काढा. मग सहासहाचे जथे करून जा. पोरं, पोरी, आपले, त्यांच्यातले जे येतील ते. हात उचलू नका. तिकीट काढा, रांगेत उभे राहा, आत जा. अडवलं तर का अडवलं ते लेखी मागा. मासिकाच्या पुढच्या अंकात ती यादी छापू. तिच्यासाठी कविता वगळावी लागली तरी चालेल. माझीच वगळा.

गोदीत जड माल उचलताना आम्ही हाळी देतो. एकट्याच्या जोरानं पेटी हलत नाही, सगळ्यांचा दम एका क्षणी लागला की हलते. रोलर कोस्टरची गाडीसुद्धा पहिल्या चढावर आपोआप जात नाही, तिला खालून साखळीनं ओढावं लागतं. पुढचा वेग सगळ्यांना दिसतो. ती साखळी कुणाला दिसत नाही.

ती साखळी आपण व्हायचंय. आणि माथ्यावर पोचल्यावर, दोस्तांनो, गाडीत बसायचंसुद्धा आहे. शेजारी कोण बसलंय हे न विचारता.